हॅट्रिक : जिथे घाई विकत मिळत नाही

ऑगस्ट 1997 मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला ‘हॅट्रिक’ हा ब्राउझरवर चालणारा फुटबॉल व्यवस्थापनाचा खेळ आजही चालू आहे, आणि नवख्या माणसाने त्यात शिरावे की नाही हे ठरवायला मदत व्हावी, एवढ्याच हेतूने हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याला रोज दहा मिनिटे देता येतात आणि त्या दहा मिनिटांचे फळ चार महिन्यांनी मिळाले तरी चालते, त्याने हा खेळ अवश्य घ्यावा. ज्याला आज संघ बांधून उद्या जिंकायचे आहे, त्याने याच्या वाटेला जाऊ नये. या खेळाची सगळी गुणवत्ता आणि सगळा त्रास एकाच गोष्टीतून येतो, ती म्हणजे यात वेळ विकत घेता येत नाही.

हॅट्रिकमध्ये चेंडू तुमच्या बोटांनी हलत नाही. पडद्यावर धावणारे खेळाडूही नाहीत. तुम्हाला एक क्लब मिळतो, त्यात सामान्य कुवतीचे काही खेळाडू असतात, एक छोटे मैदान आणि थोडी शिल्लक असते. संघनिवड, डावपेच, सराव, खरेदी-विक्री, मैदानाची वाढ, प्रशिक्षक आणि मदतनीस यांची नेमणूक ही कामे तुमची, आणि सामना संगणक खेळवतो. सामना ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी खऱ्या घड्याळानुसार होतो आणि त्याचे समालोचन मजकुराच्या रूपात एकेक ओळ करून समोर येत जाते. हंगाम सोळा आठवड्यांचा असतो. आठ संघांच्या गटात प्रत्येकाशी घरी आणि बाहेर अशा चौदा फेऱ्या, त्यानंतर पात्रता सामन्यांचा आठवडा आणि मग विश्रांतीचा आठवडा, असा तो क्रम आहे. आठवड्याच्या शेवटी लीगचा सामना आणि मध्ये कपचा किंवा मैत्रीपूर्ण सामना. म्हणजे आठवड्याला दोनच सामने. तिसरा सामना हवा असेल तर वाट पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

मोबाइलवरच्या खेळांची सवय असलेल्या माणसाला हे ऐकूनच जांभई येईल. तशा खेळांत प्रतीक्षा मुद्दाम लांबवलेली असते आणि ती टाळण्यासाठी पैसे मोजायची सोय शेजारीच करून ठेवलेली असते. फुटबॉलच्या खेळांत तर हा प्रकार फार पुढे गेला आहे. ‘फिफा’ मालिकेतील अल्टिमेट टीम या प्रकारात बंद पाकिटे विकत घेऊन त्यातून कोणता खेळाडू निघतो ते पाहायचे असते, आणि 2018 मध्ये बेल्जियमच्या नियामकांनी असल्या पाकिटांना जुगार ठरवल्यावर कंपनीला 2019 च्या जानेवारीत त्या देशातली ती विक्री थांबवावी लागली. हॅट्रिकमध्ये असे पाकीट नाही. पैसे भरून सभासदत्व घेता येते. त्यातून आकडेवारीचे जादा तक्ते, क्लबचे बोधचिन्ह आणि तत्सम सोयी मिळतात, परंतु मैदानावरचा संघ त्यामुळे काडीइतकाही बळकट होत नाही. सराव सगळ्यांचा आठवड्यातून एकदाच मोजला जातो, मग तुम्ही पैसे भरणारे असा वा न भरणारे. माझ्या लेखी या खेळाची शिफारस करण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायदा करून बंदी आणली, आणि तेव्हापासून ‘ऑनलाइन फुटबॉल लीग’ म्हटले की घरातली वडीलधारी माणसे आधी संशयाने पाहतात. हॅट्रिकमध्ये पैज नाही आणि जिंकून खिशात काही पडत नाही. खेळातले चलन तुमच्या देशाचे म्हणून रुपयांत दिसते, पण ते खेळापुरतेच. बक्षीस म्हणून मिळते ते वरच्या गटात जागा आणि खेळाच्या पानावर एक चषक.

क्लब मिळाल्यावर नवखा माणूस पहिल्यांदा जिथे अडखळतो ती जागा म्हणजे खेळाडूंची कौशल्ये. गोलरक्षण, बचाव, प्लेमेकिंग (मधल्या फळीतून खेळ रचणे), विंगर (कडेने चाल करणे), पासिंग, स्कोअरिंग आणि सेट पीस (फ्री किक, पेनल्टी वगैरे) अशी सात कौशल्ये आहेत आणि त्यांचे मोजमाप शब्दांत दिलेले आहे. इंग्रजीत खेळत असाल तर ‘डिझास्ट्रस’पासून चढत चढत ‘वीक’, ‘इनॅडिक्वेट’, ‘पासेबल’, ‘सॉलिड’, ‘एक्सलंट’ असे करत ‘वर्ल्ड क्लास’, ‘टायटॅनिक’ आणि पार टोकाला ‘डिव्हाइन’पर्यंत ही शिडी जाते. सुरुवातीला मिळालेल्या संघात बहुतेकांची मजल ‘पासेबल’च्या आसपास असते. या शब्दांचा क्रम डोक्यात बसेपर्यंत दोन खेळाडूंची तुलना करणे अवघड जाते, म्हणून तो एका कागदावर लिहून समोर ठेवावा. कौशल्यांखेरीज तंदुरुस्ती, फॉर्म, अनुभव आणि नेतृत्वगुण हेही आहेत. काही खेळाडूंना खासियत असते: कोणी वेगवान, कोणी हेडर मारण्यात तरबेज, कोणी तंत्रशुद्ध, कोणी अंगापिंडाने दणकट. पावसात तंत्रशुद्ध खेळाडूची धार बोथट होते आणि दणकट खेळाडूचे फावते. कडक उन्हात नेमके उलटे होते. वेगवान गड्याला दोन्ही हवामाने सोसत नाहीत. सामन्याच्या आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहून एखादा खेळाडू बदलायचा, यात मला मनापासून मजा येते.

खरा खेळ मात्र सरावात आहे, आणि येथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण नवख्याचा पहिला हंगाम याच एका निर्णयावर तरतो किंवा बुडतो. एका आठवड्यात संपूर्ण क्लबसाठी सरावाचा एकच प्रकार निवडता येतो. त्या प्रकाराचा पूर्ण लाभ त्या आठवड्यात योग्य जागेवर नव्वद मिनिटे खेळलेल्या खेळाडूलाच मिळतो. प्लेमेकिंग निवडले तर मधल्या फळीतल्या तिघांना पूर्ण आणि दोन्ही बाजूंच्या विंगरना निम्मा लाभ होतो. आठवड्यात सामने दोन असल्यामुळे लीगच्या सामन्यात तिघे आणि मधल्या दिवशीच्या सामन्यात दुसरे तिघे खेळवले की सहा मुले पूर्ण शिकतात. त्याच मुलाला दोन्ही सामन्यांत त्याच जागेवर खेळवले तर दुप्पट काही मिळत नाही, नव्वद मिनिटांच्या पुढची मिनिटे वाया जातात. गोलरक्षण निवडले तर आठवड्याला जेमतेम दोघे शिकतात, पण प्रगती झपाट्याने दिसते. बचाव निवडला तर पाच बचावपटू खेळवून आठवड्याला दहा जणांपर्यंत पोहोचता येते, मात्र प्रत्येकाची चाल सावकाश असते.

यातून नवख्याचे धोरण आपोआप ठरते. सगळे थोडे थोडे सुधारू म्हणून दर आठवड्याला प्रकार बदलणारा संघ वर्षभरानंतरही होता तिथेच असतो. एक प्रकार धरायचा, त्याच कौशल्याची सतरा-अठरा वर्षांची मुले गोळा करायची, त्यांना शिकवायचे आणि भाव आल्यावर त्यांतली काही विकून उरलेला संघ भरायचा, ही इथली रूढ वाट आहे. मी प्लेमेकिंग निवडले. मधली फळी बळकट झाली की आपल्याला संधी जास्त मिळतात आणि अशा मुलांना बाजारात गिऱ्हाईकही बारमाही असते, ही दोन कारणे त्यामागे होती. मधल्या दिवशीचा सामना हा खरे तर शाळेचा वर्ग आहे हे एकदा पटले की मैत्रीपूर्ण सामन्यातल्या हरण्याचे कोणी मनाला लावून घेत नाही.

खेळाडूंचे वय आणखी एक गणित मांडते. हॅट्रिकचे वर्ष 112 दिवसांचे, म्हणजे बरोबर एका हंगामाचे असते. आज सतरा वर्षांचा असलेला मुलगा तिशीत पोहोचायला आपल्या कॅलेंडरची सुमारे चार वर्षे लागतात. तिशीनंतर कौशल्ये हळूहळू उतरू लागतात. चार वर्षे एकाच पोराची वाढ पाहायची, तीही तक्त्यातल्या एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला म्हणून आनंद मानत पाहायची, यासाठी वेगळा स्वभाव लागतो. सराव मोजला गेल्यावर यादीत एखाद्या नावापुढे कौशल्य वाढल्याची नोंद दिसते. ज्या आठवड्यात एकही नोंद नसते त्या आठवड्यात काहीच घडले नाही असे वाटते, वास्तविक आतल्या आत दशांश सरकत असतात. हे दशांश खेळ दाखवत नाही. त्यांचा हिशेब ठेवायला ‘हॅट्रिक ऑर्गनायझर’ हा मोफत प्रोग्रॅम आणि ब्राउझरला जोडायचे ‘फॉक्सट्रिक’ खेळाच्या परवानगीने उपलब्ध आहेत. पहिल्या महिन्यात त्यांच्या नादी लागू नये. त्यानंतर मात्र त्यांच्याशिवाय काम चालत नाही.

खेळाडू विकत घेण्याची पद्धत लिलावाची आहे, आणि शांतपणे चालणाऱ्या या खेळात नाडीचे ठोके वाढवणारी ती एकमेव जागा. विक्रीला ठेवलेला खेळाडू तीन दिवस बाजारात असतो. मुदतीच्या शेवटच्या तीन मिनिटांत कोणी बोली लावली तर त्या बोलीपासून पुढे पुन्हा तीन मिनिटे मुदत वाढते. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला गुपचूप झडप घालता येत नाही. कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा चालावा तशी ओरड नसते, पण भाव चढण्याची रीत तीच. अठरा वर्षांचा, प्लेमेकिंग ‘सॉलिड’ असलेला एक मुलगा मी हेरून ठेवला होता. अडीच दिवस त्याच्यावर कोणाचीही बोली नव्हती. मुदत संपायला दोन मिनिटे उरली असताना मी बोली लावली, तर पोलंडच्या एका क्लबने लगेच ती वाढवली. मग मी, पुन्हा ते, मध्येच इटलीचा तिसरा कोणीतरी, असे करत वीस मिनिटांचा खेळ झाला आणि मी मनात ठरवलेल्या रकमेशी थांबलो. मुलगा पोलंडला गेला. दुसऱ्या दिवशी तशाच वयाचा आणि तशाच दर्जाचा दुसरा मुलगा बऱ्याच कमी भावात मिळाला, याचे कारण त्याची मुदत भारतात सकाळी सात वाजता संपत होती.

भारतातून खेळणाऱ्याला मिळणारी ही सवलत फारशी कोणी सांगत नाही. खेळाचे घड्याळ स्वीडनच्या वेळेवर चालते आणि तिथली वेळ आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तासांनी व उन्हाळ्यात साडेतीन तासांनी मागे असते. युरोपातले लोक संध्याकाळी संगणकापुढे बसतात, म्हणून तिथल्या संध्याकाळी संपणाऱ्या लिलावांना गर्दी होते. आपली भल्या पहाटेची आणि सकाळची वेळ म्हणजे त्यांची साखरझोप. चहा घेता घेता सकाळी बाजार चाळणाऱ्याला त्या गर्दीबाहेरचा माल दिसतो. विकताना याच्या उलट करावे, म्हणजे आपला खेळाडू यादीत असा टाकावा की तीन दिवसांनी मुदत युरोपातल्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास संपेल. खरेदी करताना आणखी एक खर्च ध्यानात ठेवावा: परदेशी खेळाडूला वीस टक्के जादा पगार द्यावा लागतो. शिकाऊ पोराच्या बाबतीत ही रक्कम किरकोळ असते, तयार खेळाडूच्या बाबतीत ती दर आठवड्याला टोचते.

पैशांचा बाकीचा कारभार सरळ आहे. तिकिटे, पुरस्कर्ते आणि खेळाडूंची विक्री ही आवक. पगार, मदतनीस, युवा विभाग आणि मैदानाची देखभाल ही जावक. लीगच्या सामन्याची तिकीटविक्री घरच्या संघाला मिळते, त्यामुळे बाहेरच्या सामन्याच्या आठवड्यात ताळेबंद लाल दिसला तरी घाबरू नये. मैदानात उभे राहायच्या जागा, साध्या खुर्च्या, छपराखालच्या खुर्च्या आणि खास कक्ष असे चार भाग असतात. नव्या क्लबने छपराच्या मोहात न पडता आधी पोरे विकत घ्यावीत, असे माझे ठाम मत आहे. कर्जाच्या मर्यादेपलीकडे गेल्यास क्लब दिवाळखोरीत निघतो, आणि ती पाळी बहुधा वयस्क, महागड्या पगाराच्या खेळाडूंच्या खरेदीतून येते.

सामन्याच्या गणिताबद्दल मात्र खेळाने हात थोडा आखडता घेतलेला आहे. सामना संपल्यावर सात विभागांचे गुण दिसतात: मधली फळी एक, बचावाच्या तीन बाजू आणि आक्रमणाच्या तीन बाजू. मधल्या फळीवरून चेंडूचा ताबा आणि संधी ठरतात. मिळालेल्या संधीचे सोने होते की माती, हे त्या बाजूचे आक्रमण आणि समोरचा बचाव यांच्या तुलनेवरून ठरते. ही चौकट नियमपुस्तकात आहे, नेमकी सूत्रे नाहीत. ती हा खेळ खेळणाऱ्या जुन्या मंडळींनी वर्षानुवर्षे निकाल तपासून अंदाजाने बांधलेली आहेत. एक संघ दोन गोलांनी पुढे गेला की तो आपसूक मागे सरकून बचाव घट्ट करतो, गोलफरक वाढेल तसा आणखी मागे जातो, हेही नवख्याला पहिल्या मोठ्या विजयाच्या वेळीच कळते.

माझ्या गटातल्या एका सामन्याचे उदाहरण देतो. ताबा आमच्याकडे साठ टक्क्यांच्या जवळपास होता आणि समालोचनात आमचीच आक्रमणे एकामागून एक येत होती. प्रतिस्पर्ध्याने मधल्या फळीत मोजकी माणसे ठेवून पाच जणांचा बचाव उभा केला होता आणि डावपेच प्रतिआक्रमणाचा निवडला होता. या डावपेचाची अट अशी की मधल्या फळीत तुम्ही दुबळे असायला हवे. मग समोरच्याचे प्रत्येक फसलेले आक्रमण तुम्हाला उलट संधी देऊ शकते. आमची आक्रमणे त्या भिंतीवर आपटत राहिली आणि दोनदा चेंडू परत आमच्याच जाळ्यात येऊन पडला. निकाल 0–2. सामन्यानंतर सातही विभागांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा निकालात दैवाचा हात फारसा नव्हता, समोरच्याने आमचे मागचे सामने वाचून तयारी केली होती, हे स्पष्ट दिसले. मागचे सामने सगळ्यांना उघड असतात. पुढच्या लढतीत त्याच संघाविरुद्ध मी कडेच्या आक्रमणांवर भर दिला आणि मधल्या फळीतला एक गडी काढून घेतला. तो सामना बरोबरीत सुटला, आणि त्या एका गुणाचे समाधान आधीच्या चार विजयांपेक्षा जास्त होते.

अशी लढत रोज मिळत नाही, आणि या खेळावरचा माझा मुख्य आक्षेप याच ठिकाणी आहे. साधारण 2009 च्या सुमारास हॅट्रिक खेळणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या जवळ गेली होती. त्यानंतर ती बरीच ओसरली. सोडून गेलेल्यांचे संघ संगणक चालवतो, त्यांना सगळे ‘बॉट’ म्हणतात. तळाच्या गटात नवख्याच्या वाट्याला असे बॉट भरपूर येतात. त्यांच्याविरुद्ध मिळालेले सहा-शून्यचे विजय पहिल्या दोन आठवड्यांत सुखावतात, मग बेचव लागतात. ज्या काळात नव्या माणसाला खिळवून ठेवायला हवे, नेमका तोच काळ निर्जन असतो. सुरुवातीचे मार्गदर्शन पुरेसे आहे, पानोपानी काय करायचे ते दाखवले जाते, पण सोबतीची उणीव मार्गदर्शनाने भरून निघत नाही. कपच्या स्पर्धेत हा दोष बराच कमी होतो. राष्ट्रीय कपमधून लवकर बाद झालेले संघ एमराल्ड, रुबी, सफायर अशा दुय्यम कपमध्ये जातात, त्यामुळे मधल्या आठवड्यातही काही काळ झुंज शिल्लक राहते. फक्त कपमध्ये टिकून असताना मैत्रीपूर्ण सामना ठरवता येत नाही, हे सरावाच्या आखणीत धरावे लागते.

भारताच्या लीगमध्ये खरी माणसे चालवत असलेले संघ थोडेच आहेत. याचा तोटा वर सांगितला. फायदा असा की गटांची उतरंड, म्हणजे पिरॅमिड, बुटका आहे. इटली किंवा जर्मनीत तळापासून शिखरापर्यंत चढायला ज्या पायऱ्या आहेत त्या मानाने इथे कमी, आणि चिकाटीने खेळणारा माणूस देशाच्या वरच्या गटांत खरोखर पोहोचू शकतो. गटात सातवा आणि आठवा संघ थेट खाली जातो, पाचव्या आणि सहाव्याला जागा राखण्यासाठी पात्रता सामना खेळावा लागतो. इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यात खालच्या फळीत जाण्याची भीतीच ठेवलेली नव्हती, आणि तळाचे संघ हंगामाच्या अखेरीस कशासाठी खेळत आहेत हा प्रश्न प्रेक्षकांना वर्षानुवर्षे पडत राहिला. हॅट्रिकमध्ये तेराव्या फेरीला सहाव्या स्थानावर असलेल्या माणसाला असा प्रश्न पडत नाही.

युवा विभागाची गंमत आपल्याला अधिक जवळची आहे. दर आठवड्याला शोधपथक एखाद्या पोराची शिफारस करते, घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवायचे, आणि भारतीय क्लबमधून तयार झालेला खेळाडू भारताचा नागरिक म्हणून जन्मभर तसाच राहतो, पुढे तो कुठल्याही देशाच्या क्लबला विकला गेला तरी. देशाच्या संघाचा प्रशिक्षक हा खेळ खेळणाऱ्या माणसांच्या मतदानातून निवडला जातो आणि तो जगभरच्या क्लबांत विखुरलेल्या भारतीय नावांतून संघ उभा करतो. कोल्हापुरात पाटाकडील किंवा दिलबहारच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर बसून ‘आपल्या पेठेचा पोरगा’ म्हणून ज्याने कुणाचे नाव घेतले आहे, त्याला आपण घडवलेल्या मुलाकडे देशाच्या प्रशिक्षकाचे लक्ष जाणे म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. माझा कोणताही मुलगा अद्याप त्या लायकीचा नाही. शोधपथकाने आणलेल्या बहुतेक पोरांत फारसा दम नसतो, हेही सांगितले पाहिजे. युवा विभागावरचा खर्च वसूल होईलच याची खात्री नाही.

लबाडीवर नजर ठेवण्याची व्यवस्था मला चांगली वाटली. खेळणाऱ्या माणसांमधूनच नेमलेले स्वयंसेवक ‘गेममास्टर’ म्हणून काम पाहतात. एकाच माणसाने दोन नावांनी चोरून संघ चालवणे, ओळखीच्या क्लबला अवाच्या सवा भावात खेळाडू विकणे, असे प्रकार ते तपासतात आणि कारवाई करतात. म्हणून एका घरातले दोघे भाऊ किंवा मायलेकी आपापले संघ चालवत असतील तर त्यांनी एकमेकांत खेळाडूंची देवघेव करू नये.

दिसण्याच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नयेत. हिरवट पाने, तक्ते, दुवे आणि आणखी तक्ते. मोबाइलचे ॲप आहे. संघ लावणे आणि सामना वाचणे एवढ्यासाठी ते ठीक आहे, बाजार चाळायला संगणकच बरा.

पैसे भरून सभासद व्हावे का, हा प्रश्न मला ओळखीच्या दोघातिघांनी विचारला. पहिल्या हंगामात नको. जादा तक्ते वाचण्याजोगी सामग्रीच तोवर तुमच्याकडे नसते. हंगाम पुरा करून, गटातले एक-दोन जिवंत प्रतिस्पर्धी ओळखीचे झाल्यावर आणि आपली पोरे दोन पायऱ्या वर चढलेली पाहिल्यावर मग ठरवावे. सामील होण्याची वेळ मात्र निवडता आली तर पुढचे सोळा आठवडे आपल्याला सवड आहे का हे पाहूनच निवडावी. गावी गेलो, परीक्षा आली, लग्नसराई निघाली म्हणून आठवडा-दोन आठवडे लक्ष दिले नाही तर बिघडत नाही, कारण आधी लावलेला संघ आणि निवडलेला सराव पुढे चालू राहतो. बराच काळ कोणी फिरकलेच नाही तर मात्र क्लब काढून घेतला जातो आणि दुसऱ्या नवख्याच्या वाटेवरचा आणखी एक बॉट तयार होतो.